राखणदाराच्या वाटणीचं दूध

दूध खारट लागतंय, असं आई मला दोनदा म्हणाली होती. पहिल्यांदा मी म्हटलं, अगं तापातून उठलीयस, तोंडाला चव कुठून असणार. दुसऱ्यांदा मी वैतागले. म्हटलं, आये, आता दुधातपण खोट काढू नकोस, गपचूप पी. तिसऱ्या दिवशी ती काही बोलली नाही, पेला रिकामा करून तिने खाली ठेवला. मला वाटलं, चला, चव परत आली, म्हातारी सुधारतेय. त्यानंतर चार दिवसांनी तिला सलाइन लावलं होतं आणि डॉक्टरीणबाई मला विचारत होत्या की यांच्या पोटात काय गेलंय.

तेव्हापासून मी ते दोन दिवस मनात उलटसुलट करून बघते. दर वेळी त्यात मीच भेटते, दमलेली आणि करवादलेली.

आम्ही बोरीवली पूर्वेला राहतो, नॅशनल पार्कच्या भिंतीपासून दोन गल्ल्या अलीकडे, बैठ्या खोल्यांच्या ओळीत. शेवटची खोली आमची, म्हणून बाजूला थोडी मोकळी पट्टी मिळाली आहे. त्या पट्टीत पत्र्याची शेड, बिबट्या येऊ नये म्हणून चारी बाजूंनी जाळी, आणि आत चार शेळ्या. बाबा गिरणीत होते. गिरणी बंद पडली तेव्हा कोणी रिक्षा घेतली, कोणी वडापावची गाडी टाकली. आमच्या बाबांनी गावाहून एक गाभण शेळी आणली, टेम्पोत मागे तिच्याबरोबर बसून. आता ज्या चार आहेत त्या तिच्याच नाती-पणत्या. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. भाऊ लग्न करून विरारपलीकडे राहायला गेला, तो दर रविवारी फोनवर काळजी करतो. उरलो आम्ही दोघी आणि या चौघी.

मी चारकोपला इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये कामाला जाते. तिथे औषधाच्या बाटल्यांची प्लास्टिकची झाकणं बनतात. माझं काम तपासणीचं. खालून लाइट लावलेल्या काचेवर झाकणं पसरायची आणि चिरलेलं, वाकडं, डागाचं झाकण उचलून बाजूला टाकायचं. वीसेक वर्षं मी हेच करतेय. सुपरवायझर नव्या मुलींना माझ्याकडे पाठवतो आणि सांगतो की मावशीच्या नजरेतून काही सुटत नाही, तिच्याकडे बघून शिका.

पहाटे पाचला उठायचं, शेड झाडायची, धार काढायची, आईचं उरकायचं, डबा भरायचा, आठची बस. संध्याकाळी येताना भाजीवाल्याकडून कोबीची पानं आणि फ्लॉवरचे देठ गोळा करायचे, घरी येऊन परत धार. रविवारी कंपनी बंद असते, शेळ्या बंद नसतात. लोक म्हणतात, हौस आहे बाई तुला. कसली डोंबलाची हौस. विकून टाकू का, असं आईला एकदा विचारलं होतं, तर तिने दिवसभर तोंडात घास घेतला नाही. पुन्हा तो विषय मी काढला नाही.

शेडच्या तोंडाशी एक पाटा जमिनीत बसवलेला आहे. आईचाच, मसाला वाटायचा. मधोमध फुटला तेव्हा टाकून द्यायच्याऐवजी बाबांनी त्यातला मोठा तुकडा तिथे नेऊन पुरला. काळा कुळकुळीत दगड. धार काढायला बसलं की प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन पिचकाऱ्या त्या पाट्यावर घालायच्या, राखणदाराच्या नावाने, आणि मगच भांडं खाली धरायचं, असा बाबांचा नेम. आमच्याकडे कोकणात प्रत्येक जागेला राखणदार असतो. तो दिसत नाही, पण जागा सांभाळतो, म्हणून त्याचा मान त्याला द्यावा लागतो. शाळेत असताना मी बाबांना विचारलं होतं की बोरीवलीत कुठला आलाय राखणदार. ते म्हणाले, "पलीकडे रान आसा, रानात बिबटो आसा. मगे राखणदार नको?"

तर हा नेम बाबांनी पाळला, त्यांच्यानंतर मी पाळला, आणि मग मी तो मोडला. कसा ते सांगते.

आमच्या भागात गणपती गेले की डेंग्यू सुरू होतो, आणि डेंग्यू म्हटलं की लोकांना शेळीचं दूध आठवतं. त्याने प्लेटलेट वाढतात म्हणे. एरवी आमच्या गल्लीतून नाकाला रुमाल लावून जाणारी माणसं त्या दीड-दोन महिन्यांत स्टीलची डबी घेऊन दारात उभी राहतात. खरंच वाढतात का, मला माहीत नाही. आमच्या नाक्यावरचे डॉक्टर नुसते हसतात, म्हणतात पाणी भरपूर द्या. पण ज्याच्या घरात रिपोर्टमधला आकडा रोज खाली येत असतो, त्याचं नुसत्या पाण्याने समाधान होत नाही.

तीन वर्षांपूर्वी त्या दिवसांत समोरच्या टॉवरमधली एक बाई यायला लागली. तिच्या सासऱ्यांना डेंग्यू झाला होता. बाई चांगली, मी तिला वाईट म्हणणार नाही. मी धार काढत होते, ती बाजूला उभी होती, आणि मी पाट्यावर पिचकारी घातली तशी ती कळवळली.

"अहो ताई, हे काय? पहिली धारच सांडताय?"

"मान असतो तो," मी म्हटलं.

"पहिल्या धारेतच तर सगळी ताकद असते. मी व्हिडिओ पाहिलाय ना. ती आम्हाला द्या, प्लीज. आणि उकळायचं पण नाही म्हणे. उकळलं की त्यातलं सगळं मरतं."

पहिल्या धारेची म्हटलं की आमच्या ओळीतल्या पुरुषांना दुसरंच काहीतरी आठवतं. त्यांनी तिचं म्हणणं एका झटक्यात मान्य केलं असतं. मला हसू येत होतं, पण बाईचे डोळे रडून सुजलेले होते, म्हणून मी हसले नाही. मनात म्हटलं, दगडावर ओतण्यापेक्षा आजारी माणसाच्या पोटात गेलं तर राखणदार थोडाच रागावणार आहे. हा विचार मला फार आवडला. मीच मला मोठ्या मनाची वाटले. दुसऱ्या दिवसापासून पहिली धार तिच्या डबीत जायला लागली. तिच्याकडून ऐकून दुसरी आली, मग तिसरी. सगळ्यांना पहिली धारच हवी. डेंग्यूचे दिवस सरले, माणसं यायची थांबली, तरी पाट्यावर दूध घालणं काही परत सुरू झालं नाही. माझी सकाळची दोन मिनिटं वाचायची, हेही खरं आहे. सकाळी दोन मिनिटं म्हणजे मला फार.

आईला यातलं काही सांगितलं नाही. तिचे गुडघे गेल्यापासून ती शेडपर्यंत येत नाही. खाटेवरून रोज विचारायची, "पयली धार राखणदाराक घातलंस मां?" मी गॅसकडे तोंड करून म्हणायचे, "हो गं." इतकं सोपं होतं ते.

गेल्या वर्षी डेंग्यू आमच्याच घरात आला, आणि झाला तो आईला. ऐंशी पार केलेली बाई. चार दिवस हॉस्पिटलात काढून घरी आणली तेव्हा दंडाला धरून उठवताना माझ्या हाताला नुसतं हाड लागत होतं. डॉक्टरांनी सांगितलं, हलकं खायला द्या, पाणी उकळून द्या. मी पाणी उकळायचे, घड्याळाकडे बघून, चांगलं खळखळ. आणि दूध कच्चं द्यायचे. आता कोणी विचारेल की बाई, तुझं डोकं कुठे होतं. डोक्यात एवढंच होतं की इतक्या परक्यांना दिली, मग आपल्या माणसाला नको का. आमची पांढरी शेळी नुकती व्याली होती, सगळ्यांत दुधाळ तीच. तिच्या दोन्ही सडांची पहिली धार मी सरळ पेल्यात घ्यायचे आणि वरचा फेस मोडायच्या आत आईच्या हातात द्यायचे. राखणदाराच्या वाटणीचं दूध मी तिला चोरून पाजत होते, आणि मला वाटत होतं मी सेवा करतेय.

त्या आठवड्यात कंपनीत मोठी ऑर्डर होती. आईच्या हॉस्पिटलपायी माझी रजा संपलेली, त्यामुळे तोंड उघडायची सोय नव्हती. संध्याकाळी साडेसातच्या पुढे घरी पोचले, खांद्यावर कोबीच्या पानांचं पोतं, पाय सुजलेले. धार काढली, पेला आईला दिला. तिने एक घोट घेतला आणि पेला जरा लांब धरला.

"खारट लागता गो."

हे दुसऱ्यांदा. त्यावर मी काय बोलले ते वर लिहिलंय, पण सगळं लिहिलेलं नाही. मी आणखी बोलले. म्हटलं, मरमर मरते मी तुमच्यासाठी, शेळ्यांचं करा, तुझं करा, वर तुझ्या चवी ऐका. तुमच्यासाठी म्हणताना मी आईला शेळ्यांच्या रांगेत बसवलं, हे मला बोलतानाच कळलं होतं, पण थांबवलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलं. मग पेला तोंडाला लावला आणि शेवटपर्यंत प्यायली.

शनिवारी दुपारी शेजारणीचा फोन आला की आईला उलट्या-जुलाब सुरू आहेत, थांबत नाहीत. मी झाकणं तशीच टाकून निघाले. हॉस्पिटलात नेईपर्यंत तिचे डोळे आत गेले होते आणि ती मला माझ्या आत्याच्या नावाने हाक मारत होती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय खाल्लं. मी म्हटलं, पेज, मऊ भात, दूध.

"कुठलं दूध?"

"शेळीचं. घरचं."

"उकळून देत होतात?"

मी मानेनेच नाही म्हटलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मग म्हणाल्या, "आधीच डेंग्यूने खंगलेल्या आहेत. या वयात अंगातलं एवढं पाणी गेलं की किडनीवर येतं. लघवी होते का बघू. उद्या दुपारपर्यंत काही सांगता येणार नाही."

उद्या दुपारपर्यंत. मी खाटेला लावलेल्या लघवीच्या पिशवीकडे बघत बसले. ती रिकामी होती.

रविवारी सकाळी भाऊ आला आणि आईजवळ बसला. मी घरी गेले. आई अशी पडलेली आणि ही शेळ्या बघायला गेली, असं कोणाला वाटलं असेल तर वाटू दे. कास भरली की शेळी ओरडायला लागते, तिला आपली अडचण समजत नाही. पांढरीच्या कासेला हात लावला तर तिने लाथ मारली. ती कधी मारत नाही. डावी बाजू तापली होती आणि हाताला दगडासारखी लागत होती. सड पिळला तर पिवळट पाणी आलं. बाबा असताना एका शेळीला असं झालं होतं, तेव्हा त्यांनी हळद-चुना लावला होता. मी चुना भिजवायला घेतला आणि मग वाटलं, नको, या घरात आता आणखी घरगुती शहाणपण नको. जनावरांच्या डॉक्टरला फोन केला.

डॉक्टर स्कूटरवरून आला. सांगलीकडचा, तरुण, बोलायला शांत. कास चाचपली आणि म्हणाला, "कासदाह आहे मावशी. दगडी म्हणतात ना, तीच. काळं काही आहे का तुमच्याकडे? काळी वाटी, काळं कापड?"

मी इकडेतिकडे बघेपर्यंत त्याची नजर पाट्यावर गेली. पाट्यावर धूळ होती आणि कोबीचं एक सुकलेलं पान चिकटलेलं होतं. त्याने बाटलीतलं पाणी ओतून पाटा धुतला, शेळी पुढे ओढली आणि डाव्या सडाची पिचकारी पाट्यावर मारली.

काळ्या दगडावर पांढऱ्या गुठळ्या दिसल्या. दूध फाटतं तेव्हा दिसतात तशा, बारीक. मग त्याने उजव्या सडाची पिचकारी मारली. ती बाजू सुजलेलीसुद्धा नव्हती, तरी त्यातही दोन-तीन होत्या.

"पेल्यात हे दिसत नाही," तो म्हणाला. "पांढऱ्यात पांढरं, वर फेस. म्हणून पहिली धार काळ्यावर घेऊन बघायची. रोज, दोन्ही सडांची. आणि ती पोटात जाऊ द्यायची नाही. सडाच्या तोंडाशी साचलेली सगळी घाण तिच्यातच येते."

मी खाली बसले. तो आपलं काम करत होता. प्लास्टिकच्या एका थाळीत त्याने चारही शेळ्यांचं दूध थोडं थोडं घेतलं, त्यात जांभळं औषध घालून हलवलं. घट्ट झालं तर दूध बिघडलेलं, असं त्याने सांगितलं. पांढरीचं दूध पेजेसारखं घट्ट झालं. शेजारच्या करड्या शेळीचंही झालं. तिच्यात तर वरून काहीच दिसत नव्हतं. त्याने विचारलं, कास कशाने पुसता. मी खुंटीवरचं फडकं दाखवलं. चौघींना मिळून एकच. त्याने ते फडकं दोन बोटांनी उचललं आणि परत लटकवलं.

"दूध खारट लागत होतं का?" मग त्याने विचारलं. "बऱ्याचदा सूज यायच्या आधीच चव बदलते."

"लागत होतं," मी म्हटलं. आणि मग मी त्या परक्या पोराला सगळं सांगितलं, आईचं, पेल्याचं, मी काय बोलले तेही. तो ऐकत उभा राहिला. म्हणाला, "त्यांना यानेच झालं असं मी नाही सांगू शकत मावशी. ते तिथले डॉक्टर सांगतील. पण कच्चं द्यायला नको होतं." खोटा धीर दिला नाही त्याने, त्याबद्दल मी त्याची आभारी आहे.

इंजेक्शन दिलं, सडातून नळीने औषध सोडलं. दोघींचं दूध पूर्ण पिळून गटारात ओतायचं, औषध थांबल्यावरही तो सांगेपर्यंत वापरायचं नाही, प्रत्येकीला वेगळं फडकं, धार झाली की सड औषधात बुडवायचे आणि लगेच चारा टाकायचा, म्हणजे शेळी अर्धा तास उभी राहते, ओल्या जमिनीवर बसत नाही. एवढं सांगून तो गेला.

मी दूध ओतत होते तेव्हा टॉवरमधली बाई आली. हातात तीच डबी. या वेळी भाच्याला डेंग्यू झाला होता.

"आज नाही," मी म्हटलं. "शेळी आजारी आहे. आणि यापुढे तुम्ही उकळून देणार असाल तरच मिळेल."

"अहो पण एवढं ओतून देताय. थोडं तरी..."

मी तिला पाट्याकडे बोट दाखवलं. तिने वाकून पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. मी विचारलं, "तुमच्या सासऱ्यांना तुम्ही कच्चंच दिलं होतं ना? त्यांना काही झालं नाही?"

ती जरा घुटमळली. "नाही हो. सासूबाई उकळायच्या. मी कितीदा सांगितलं, ऐकायच्याच नाहीत."

मला इतका राग आला की तिच्या डबीत ते दूध भरून द्यावंसं वाटलं. मग राग उतरला. तिने व्हिडिओ पाहिला आणि घरी येऊन सांगितलं, तिच्या घरात नाही म्हणणारं एक माणूस होतं. माझ्याही घरात होतं. दोनदा म्हणालं होतं. मी बादली पालथी करून शेडला कडी घातली आणि हॉस्पिटलात गेले.

दुपारी पिशवीत दोन बोटं लघवी दिसली. डॉक्टरीणबाई पहिल्यांदा माझ्याशी नीट बोलल्या, म्हणाल्या, वाचल्या असं समजा. भाऊ बाहेर चहा प्यायला गेला. आई जागी होती, आणि तिने मला ओळखलं.

"शेळयेंची धार काढलंस?"

"काढली."

"राखणदाराक घातलंस मां?"

तोंड फिरवायला तिथे गॅस नव्हता. मी म्हटलं, "नाही आये. दोन वर्षं झाली, नाही घालत. लोकांना देत होते. आणि आता तुला पाजत होते ती, तीच पहिली धार होती."

मी वाट बघत राहिले. तिच्या मते राखणदाराच्या वाटणीचं खाल्लं की ते अंगावर येतं. डॉक्टरांच्या मते जंतू. कुठूनही मोजलं तरी बोट माझ्याकडेच येत होतं, आणि आता ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"तुझो बापूस घातल्यार वाकान बघी," ती म्हणाली. "चष्मो लावन."

मला आठवलं. बाबा पाट्यासमोर रोज वाकायचे. मला वाटायचं नमस्कार करतात.

"काय बघायचे?"

"ता माका काय म्हायत? कधी सगळाच दूध ओतून टाकी. म्हणी, आज राखणदाराक सगळा व्हया."

बाबांना कोणी शिकवलं होतं की ते नुसतेच वाकत होते, हे आता कोणाला विचारणार. मला त्या वेळी वेगळंच विचारायचं होतं.

"आये, तुला खारट लागत होतं ना. मग का प्यायलीस?"

तिने सुई लावलेला हात जरा सरकवला आणि तो मी नीट ठेवला. तिच्या आवाजात राग नव्हता, तक्रारही नव्हती. रोजच्यासारखंच बोलली.

"तू दमान-भागान येतंस. परत परत तुका काय सांगाचा. गप पिलंय."

मी बाहेर पॅसेजमध्ये गेले. पाण्याच्या नळापाशी भिंतीला टेकून रडले, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, लाज न बाळगता. भाऊ चहा घेऊन आला तर घाबरला, त्याला वाटलं आई गेली.

आई आठ दिवसांनी घरी आली. करडी शेळी औषधाने बरी झाली. पांढरीची डावी बाजू आटली ती आटलीच, ती आता एका सडावर दूध देते. डॉक्टर म्हणाला, लवकर कळलं असतं तर वाचली असती बाजू. चार खुंट्यांवर चार फडकी आहेत आता, चार रंगांची. पाटा रोज धुते. पहिल्या पिचकाऱ्या त्याच्यावर घालते, राखणदाराचं नाव घेते, आणि वाकून बघते. माझाही चष्मा लागतो आता. कंबर दुखते, बसही एखाददा चुकते. डेंग्यूच्या दिवसांत डबी घेऊन माणसं येतात, पहिली धार मागतात, मी नाही म्हणते. काही चिडून जातात. जाऊ देत.

दूध उकळते, तीन वेळा वर येऊ देते. निवलं की पेला भरून आईला देते आणि समोर बसते, कितीही उशीर झालेला असला तरी. ती एक घोट घेते.

"खारट लागतं का गं?" मी विचारते.

ती आधी माझ्या तोंडाकडे बघते. मी किती दमलेय ते बघते. मग म्हणते, "नाय गो. बरा लागता."

मी तिच्या हातातून पेला घेते आणि एक घोट पिऊन बघते.